दोर तुमच्या हातात होता, नाखवा

प्रिय नाखवा,



हे पत्र मला तुमच्या घरी आणून देता आलं असतं. तुमचं घर माझ्या घरापासून हाकेच्या अंतरावर आहे. पण मच्छीमार सोसायटीच्या बैठकीत तुम्ही जे बोललात ते चारचौघांत बोललात, आणि तिथून ते जेटीवर, बाजारात, बर्फाच्या कारखान्यापर्यंत पोचलं. म्हणून उत्तरही चारचौघांसमोर द्यावं लागतंय.

तुम्ही म्हणालात, ओढून आणलेल्या होडीची जबाबदारी ओढणाऱ्यावर नसते, समुद्राचा कायदाच आहे तो. तुम्ही म्हणालात, मी गेलो नसतो तर होडीच उरली नसती. आणि शेवटी म्हणालात, की उपकाराची फेड अशी होणार असेल तर या बंदरात यापुढे कुणी कुणाला दोर देणार नाही. माझ्या शेजारी बसलेल्यांपैकी काहींनी माना डोलावल्या. मी त्या दिवशी बोललो नाही. तुम्ही माझ्या वडिलांच्या बरोबरीचे. वडीलधाऱ्या माणसाला भर सभेत उलट बोलायची आमच्या घरात रीत नाही. पण मी गप्प बसलो म्हणजे मला ते पटलं, असा अर्थ काढला गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी तुमचा माणूस ओढण्याचे उरलेले पैसे मागायला माझ्या दारात उभा राहिला. होडी फुटली तेव्हा मला धक्का बसला होता. माणूस दारात आला तेव्हा मन दुखावलं.

काय घडलं ते तुम्हाला ठाऊक आहे, वाचणाऱ्यांना नाही. एक जूनला मासेमारी बंद होणार म्हणून मे महिन्याच्या शेवटी आपण सगळेच शेवटचे फेरे मारत होतो. माझ्या होडीचा गिअर बॉक्स निकामी झाला. इंजिन चालू, पण पंखा फिरेना. तांडेलाने आठ वाव पाण्यात नांगर टाकला आणि नांगराने तळ नीट धरला. होडीत थेंबभर पाणी नव्हतं. माणसं धड होती, शिधा होता, प्यायला पाणी होतं. वारा पडलेला होता. नैर्ऋत्येकडून लांब लाटा येऊ लागल्या होत्या, पावसाळ्याच्या तोंडावर येतात तशा, पण नांगरावर उभ्या होडीला त्यांनी काही होणार नव्हतं. तांडेलाने मला मोबाइलवर कळवलं, मी तुम्हाला फोन केला. तुम्ही जवळपासच होता आणि बंदराकडे परतत होता. पैसे तुम्ही सांगितलेत, मी घासाघीस केली नाही. अर्धी रक्कम त्याच वेळी मोबाइलवरून पाठवली. त्याची नोंद तुमच्याकडेही असेल.

हे मी मुद्दाम तपशिलात लिहितोय. कारण बैठकीत तुम्ही ‘वाचवलं’ हा शब्द वापरलात, आणि पुढचं सगळं त्या एका शब्दावर उभं केलंत. त्या दिवशी माझी माणसं बुडत नव्हती, माझी होडी खडकाकडे वाहत नव्हती. आपलं ठरलं होतं ते भाड्याचं काम होतं: होडी इथून उचलायची, जेटीला लावायची, त्याचे इतके पैसे. तुम्ही नाही म्हणाला असतात तर मी दुसऱ्या कुणाला तरी बोलावलं असतं, नाहीतर माझी माणसं रात्रभर नांगरावर थांबली असती. कोकणातल्या खलाशाला त्याचं काही विशेष नाही.

आता दोराची गोष्ट. माझ्या तांडेलाने आमचा नायलॉनचा लांब दोर नाळीवर, होडीच्या पुढच्या टोकाला, आणून ठेवला होता. तुमच्या खलाशांनी तो घेतला नाही. त्यांनी तुमच्याच होडीवरचा आखूड पीपीचा (पॉलिप्रॉपिलीनचा) दोर फेकला आणि तोच बांधायला लावला. तांडेलाने विचारलं तेव्हा उत्तर आलं की लांब दोर मागे सोडला तर खाडीच्या मुखाशी वळवायला वेळ जातो. नाखवा, तुमचं आयुष्य दर्यावर गेलं. लांब दोर का लागतो ते मी तुम्हाला सांगायला नको, पण जे होडीवाले नाहीत त्यांना सांगतो. लांब, जड दोर मध्ये पाण्यात झोळ घेतो. पुढची होडी लाटेवरून खाली उतरली, मागची त्याच वेळी लाट चढत असली, तरी तो फरक झोळात जिरतो. शिवाय नायलॉन थोडा ताणला जातो आणि झटका खातो. पीपीचा दोर तेवढा ताणला जात नाही आणि उन्हाने लवकर कुजतो. आखूड दोराला झोळ नसतो. तो एका लाटेला सैल पडतो आणि पुढच्या लाटेला खाडकन ताठ होतो, आणि प्रत्येक झटका थेट मागच्या होडीच्या दोर बांधलेल्या खांबावर बसतो. दोन होड्या एकाच वेळी लाटेच्या माथ्यावर येतील इतका दोर सोडायचा, हे आपल्याकडे पोरगा खलाशी म्हणून चढला की पहिल्याच मोसमात शिकतो.

वेगाचंही तसंच. ओढताना वेग दुप्पट केला की दोरावरचा ताण दुप्पट होत नाही, चौपटीच्या पुढे जातो. म्हणून बंद होडी ओढायची ती चार-साडेचार नॉटने, लाट असेल तर त्याहून हळू. माझ्या होडीवरच्या जीपीएसमध्ये त्या दिवसाचा मार्ग आणि वेग दोन्ही साठलेले आहेत. मुखाच्या अलीकडे वेग सात नॉटच्या वर गेलेला दिसतो. माझी होडी त्या दिवशी स्वतःच्या पंख्यावर चालत नव्हती. तो वेग तुमचा होता.

आणि मुख. रत्नागिरीच्या भाट्ये खाडीसारखीच आपल्या खाडीच्या मुखाशी रेती साठून राहिली आहे. गाळ काढावा म्हणून आपण सगळ्यांनी मिळून निवेदनं दिली आहेत. तुमची सही माझ्या सहीच्या वर आहे. भरती चांगली आल्याशिवाय जड होडी आत घ्यायची नाही, हे बंदरातलं शेंबडं पोरही सांगेल. तुम्ही मुखाशी पोचलात तेव्हा सुकती लागलेली होती. पाणी बाहेर पडत होतं आणि बाहेरून नैर्ऋत्येची लाट आत येत होती. अशा वेळी लाट आखूड होते, उभी राहते आणि रेतीवर फुटते. माझ्या तांडेलाने वायरलेसवर तुम्हाला विनवलं, की बाहेर नांगर टाकू, भरतीला आत जाऊ, पैसे जास्त लागले तर मालक देईल. तुम्ही उत्तर दिलंत की लिलाव चुकेल.

तुमच्या होडीत मासळी होती. मोसमातली शेवटची मासळी, तिला भाव मिळायला हवा, हे मला कळतं. मीही त्याच मासळीवर जगतो. पण तुमचा लिलाव आणि माझी होडी यांत निवड करायची वेळ आली तेव्हा तुम्ही लिलाव निवडलात. ती निवड तुमची होती. तिची किंमत मात्र सगळी माझ्याकडे आली.

मुखात दोर ताठ झाला आणि नाळीजवळचा खांब डेकच्या फळ्यांसकट उपटून गेला. होडी आडवी फिरली, रेतीवर आपटली. पठाणाला, म्हणजे होडीच्या तळाच्या कण्याला, तडा गेला, तळातल्या फळ्या निखळल्या, सुकाणू गेलं, शाफ्ट वाकला, इंजिनात खारं पाणी शिरलं. माणसं वाचली ती आतल्या बाजूला जाळी टाकत असलेल्या लहान होड्यांमुळे. त्या होडीवाल्यांपैकी कुणी पैसे मागितले नाहीत आणि कुणी नाव सांगत फिरलं नाही. तुमची होडी तोवर जेटीला लागली होती.

आता तुमच्या ‘समुद्राच्या कायद्या’कडे येतो. माझी पुतणी कायदा शिकते. मी तिला सांगितलं, नाखवा म्हणतात तसा नियम खरंच असेल तर मला दाखव, मी गप्प बसेन. तिने महिनाभर शोधून जे वाचून दाखवलं ते मी माझ्या शब्दांत मांडतो.

तुम्ही म्हणता त्यासारखं काहीतरी आहे, हे खरं आहे. ब्रिटनमधल्या टग (जहाजं ओढणाऱ्या बोटी) कंपन्यांच्या छापील अटी आहेत आणि त्या बऱ्याच बंदरांत चालतात. मोठं जहाज गोदीत घ्यायला टग बोलावला की त्या अटींप्रमाणे टगवरची माणसं तेवढ्या वेळापुरती जहाजमालकाचीच नोकर मानली जातात. त्यांच्या हातून चूक झाली तरी बोजा जहाजमालकावर. पण तो समुद्राने केलेला नियम नव्हे. तो करार आहे. दोन्हीकडे वकील असतात, दोन्हीकडे विमा असतो, अटी छापलेल्या असतात आणि त्या मान्य करूनच काम सुरू होतं. आपल्यात असा कागद कुठे झाला? फोनवर तुम्ही फक्त रक्कम सांगितलीत. ‘फुटली तर तुझी’ असं तुम्ही एकदाही म्हणाला नाहीत. म्हणाला असतात तर मी दुसऱ्याला बोलावलं असतं.

कागद नसेल तर काय, हेही फार पूर्वी ठरलेलं आहे. १८६१ साली लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने ‘मिनेहाहा’ नावाच्या जहाजाच्या खटल्यात सांगितलं, की ओढायचं काम घेणारा काम तडीस जाईलच अशी हमी देत नाही. पण आपलं कसब, आपली माणसं आणि आपलं सामान त्या कामाला पुरेसं आहे, आणि आपण मनापासून प्रयत्न करू, एवढं तो नक्की कबूल करतो. मी तुमच्याकडे याहून जास्त काही मागत नाही. वादळ आलं असतं, नवा दोर तुटला असता, लपलेल्या खडकाला होडी लागली असती, तर मी कपाळाला हात लावून घरी बसलो असतो आणि तुमचे पैसे त्याच संध्याकाळी पोचते केले असते. हमी मी मागितली नव्हती. काळजी मागितली होती.

अमेरिकेतले निकाल तिने दाखवले ते दोन्ही बाजूंचे आहेत, म्हणून दोन्ही सांगतो. १९३२ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ‘व्हाइट सिटी’ या टगच्या खटल्यात म्हटलं, की ओढणारा म्हणजे गोदामवाला नव्हे. माल सोपवला आणि मोडका परत मिळाला, तेवढ्यावर गोदामवाल्याला पकडता येतं, टगला नाही. हलगर्जी झाली हे होडीमालकाने सिद्ध करायला हवं. हे माझ्या विरुद्ध जाणारं आहे आणि मला मान्य आहे. म्हणूनच मी जीपीएस जपून ठेवलाय, उपटलेला खांब जपून ठेवलाय, आणि तुमचा दोरही, जो माझ्या खांबाला अजून बांधलेला आहे. १९५५ साली त्याच न्यायालयासमोर मिसिसिपी नदीतल्या एका तेलाच्या बार्जचं प्रकरण आलं. टग ती ओढत नेत असताना ती पुलाच्या खांबावर आदळून बुडाली. टगवाल्यांच्या करारात चक्क लिहिलं होतं की आमच्या चुकीलाही आम्ही जबाबदार नाही. न्यायालयाने ती अटच रद्द केली. म्हणजे तिथे लिहून घेतलं तरी स्वतःच्या हलगर्जीतून सुटता येत नाही, आणि तुम्ही लिहूनसुद्धा घेतलेलं नाही.

मला सगळ्यात जवळचा वाटला तो ‘टी. जे. हूपर’ या टगचा खटला. मार्च १९२८. व्हर्जिनियाकडून कोळशाच्या बार्ज ओढत टग उत्तरेला न्यूयॉर्ककडे निघाले होते. वाटेत पूर्वेचं वादळ उठलं आणि न्यू जर्सीच्या किनाऱ्यासमोर दोन बार्ज बुडाल्या. वादळाचा इशारा रेडिओवर सांगितला जात होता. ज्या टगांनी तो ऐकला ते आधीच डेलावेअरच्या आसऱ्याला गेले. या टगांवर चालू स्थितीतला रेडिओच नव्हता. मालक म्हणाले, या धंद्यात सगळेच टग कुठे रेडिओ ठेवतात? १९३२ साली न्यायाधीश लर्नेड हँड यांनी निकाल दिला, की सगळा धंदा एखादी गोष्ट करत नाही म्हणून ती न करणं पुरेसं ठरत नाही. काळजी किती घ्यायची हे शेवटी न्यायालय ठरवेल. नाखवा, बैठकीत कुणीतरी म्हणालं होतं की आपल्याकडे सगळे असंच ओढतात. सगळे असंच ओढत असतील तर सगळेच चुकीचं ओढतात, एवढंच मी म्हणेन. त्याच खटल्यात बार्जही समुद्रावर जायच्या लायकीच्या नव्हत्या असं ठरलं आणि बुडालेल्या कोळशाचा बोजा दोन्ही मालकांवर पडला. तेही मी लपवत नाही.

कारण तुम्ही म्हणता की माझा खांब कुजका होता. तो खांब माझ्या मांडवात ठेवलाय. ज्या फळ्यांसकट तो उपटला त्या फळ्याही आहेत. त्यांत कीड नाही, भुसा नाही. लाकूड ताणाने फाटलंय. कुणाही सुताराला दाखवा. त्याने कुजका म्हटलं तर माझा वाटा मी मोजून देईन.

माझ्या माणसांनी त्यांचं काम केलं नाही असंही बंदरात बोललं जातंय, त्याचं उत्तर त्यांच्यासाठी देतो. ओढली जाणारी होडी नुसती बसून राहत नाही. सुकाणूवर माणूस लागतो, नाहीतर होडी डावी-उजवी झोके खाते. इंजिन बंद असताना पाण्याच्या ओढीने पंखा फिरत राहिला तर गिअर बॉक्समध्ये तेल पोचत नाही आणि बेअरिंग जळतात, म्हणून शाफ्ट बांधून ठेवायचा. दोर घासतो तिथे गोणपाट गुंडाळायचं. दोर कापायला कुऱ्हाड हाताशी ठेवायची. हे सगळं त्यांनी केलं. त्यांतले काही नेपाळचे आहेत; आता गावी गेलेत. तिथे बसून आपल्यावरचा आरोप खोडून काढणं त्यांना शक्य नाही.

आपल्या देशातलंही थोडं. १८७२ चा करार कायदा सगळ्यांनाच लागू आहे: ठरलेलं काम मोडलं आणि त्यातून सरळ नुकसान झालं तर भरपाई मागता येते, त्यासाठी जहाजाचा वेगळा कायदा लागत नाही. जहाजांच्या दाव्यांसाठी तर आपल्याकडे २०१८ पर्यंत ब्रिटिशांच्या १८४० आणि १८६१ सारख्या जुन्या कायद्यांवर काम चाललं होतं. २०१७ चा नवा कायदा १ एप्रिल २०१८ पासून लागू झाला आणि त्यात ओढण्याच्या कामातून उठणारे दावेही आहेत. पण ते दावे चालवणारं न्यायालय म्हणजे मुंबईचं उच्च न्यायालय. एका लाकडी होडीचा मालक रत्नागिरी जिल्ह्यातून उठून तिथे किती तारखा काढणार? तुम्हालाही हे ठाऊक आहे, आणि तुमच्या बोलण्यातला निर्धास्तपणा त्यातूनच येतो असं मला वाटलं. चुकीचं वाटलं असेल तर तसं सांगा, मला आनंदच होईल.

विम्याचंही सांगून टाकतो, कारण तरुण नाखवांना ते बहुतेक माहीत नाही. जहाजांच्या विम्यात १९८३ पासून जगभर वापरली जाणारी इंग्रजी कलमं आहेत. त्यांत पहिल्याच कलमात अट आहे, की अडचणीत सापडलेल्या होडीला मदत करायला, तिला ओढायला हरकत नाही. पण विमा असलेल्या होडीने आधी ठरवून, कराराने, दुसऱ्याला ओढायचं काम घेऊ नये. तुमच्या पॉलिसीत तसलं कलम असेल, तर पैसे ठरवून मला ओढताना तुमची स्वतःची होडी फुटली असती तर तुम्हालाही कदाचित दमडी मिळाली नसती. आपल्या सगळ्यांच्या पॉलिसी इंग्रजीत आहेत आणि कपाटात आहेत. त्या बाहेर काढून कुणाकडून तरी वाचून घ्या.

आता तुमच्या त्या वाक्याकडे येतो, जे मला सगळ्यात जास्त लागलं: यापुढे कुणी कुणाला दोर देणार नाही. हे बोलून तुम्ही माझी तक्रार सगळ्या बंदराविरुद्धची तक्रार करून टाकलीत. असं करू नका. जीव वाचवायला जाणाऱ्याकडून कुणी हिशोब मागत नाही, मीही मागणार नाही. माणसं बुडत असताना जो दोर फेकतो, त्याच्या हातून फळी मोडली तर मोडली. माणसाच्या जिवाचे पैसे दर्यावर घ्यायचे नाहीत हे आपल्याकडे आहे आणि साऱ्या जगात आहे. मालमत्ता वाचवणाऱ्याला बक्षीस मिळतं, तेही रास्त आहे. पण त्यालाही मोकळं रान नाही. १९६५ साली इराणच्या आखातात ‘टोजो मारू’ हे तेलवाहू जहाज टक्कर होऊन फुटलं. त्याला वाचवायला आलेल्या कंपनीच्या पाणबुड्याने टाकीतला वायू काढून टाकण्याआधीच जहाजाच्या पत्र्यात बोल्ट मारला आणि स्फोट झाला. वाचवणारे म्हणाले, आम्ही वाचवायला आलो होतो. १९७१ साली ब्रिटनच्या लॉर्ड्स सभेने ठरवलं, की वाचवायला आलात तरी कसबी माणसाच्या हलगर्जीचं नुकसान भरावं लागेल. ते खऱ्या संकटातले वाचवणारे होते. तुम्ही भाडं ठरवून आला होता.

दोर ज्याच्या हातात त्याच्या हातात सगळं असतं, याचं उदाहरण मुंबईने पाहिलंय. २०११ च्या जूनमध्ये ‘विस्डम’ नावाचं भंगारात निघालेलं जहाज कोलंबोहून अलंगला ओढत नेत होते. दोर तुटला, आणि माणूस नसलेलं ते जहाज वांद्रे-वरळी सागरी सेतूच्या बाजूने वाहत जुहूच्या वाळूत जाऊन रुतलं. किती दिवस लोक ते बघायला जात होते. ओढलं जाणारं जहाज स्वतःहून कुठे जात नाही. ते नेलं तिकडे जातं, सोडलं तर लाट नेईल तिकडे.

नाखवा, कायद्याचं इतकं लिहिलं, पण खरं दुखणं वेगळं आहे. माझ्या वडिलांनी तुमची होडी एकदा जयगडच्या बाजूने ओढून आणली होती. ती गोष्ट मी तुमच्याच तोंडून ऐकलीय, नारळी पौर्णिमेला, आमच्याच अंगणात. मुखाशी आले तेव्हा सुकती होती, म्हणून ते तुमच्यासोबत बाहेर थांबले. त्यांची मासळी बर्फ संपून खराब झाली, पण तुमच्या होडीला ओरखडा आला नाही, असं तुम्ही अभिमानाने सांगायचात. त्यांनी तुमच्याकडून डिझेलचे पैसेही घेतले नाहीत. ती परतफेड मी तुमच्याकडून मागत नाही. ती त्यांची रीत होती, तुम्ही भाडं मागितलंत ते मी दिलं. पण कसं ओढायचं हे तुम्हाला ठाऊक नव्हतं असं मला कुणी सांगू नये. तुम्हाला ठाऊक होतं. तुम्ही स्वतः त्या दोराच्या दुसऱ्या टोकाला बसलेले आहात.

एक ऑगस्टला मासेमारी सुरू होईल. खलाशांना परत बोलवायचं तर उचल द्यावी लागते. होडी ताडपत्रीखाली उभी आहे, पठाण बदलायचा तर ऐनाचं लाकूड आधी सांगून ठेवावं लागतं. सोसायटीचा हप्ता थांबत नाही. माझी बायको ज्या टोपल्या बाजारात नेते त्या माझ्या होडीच्या मासळीने भरतात. मोसमाचे पहिले आठवडे गेले तर वर्ष कसं जातं हे तुम्हाला मी सांगायला नको.

म्हणून या पत्रातून माझं मागणं असं आहे. येत्या रविवारी सकाळी माझा मिस्त्री होडीवर येणार आहे. तुम्ही तुमचा मिस्त्री पाठवा, शक्य असेल तर स्वतः या. खांब, फळ्या, तुमचा दोर आणि जीपीएस तिथेच ठेवतो. दोन्ही मिस्त्र्यांनी मिळून दुरुस्तीचा आकडा काढावा. सोसायटीतल्या दोन जुन्या तांडेलांनी, एक तुमच्या पसंतीचा आणि एक माझ्या, कुणाचा वाटा किती ते ठरवावं. ते म्हणतील ते मी सही करून मान्य करीन. ओढण्याची राहिलेली रक्कम मी पाकिटात घालून ठेवली आहे. त्याच वेळी ती तुमच्या हातात देईन.

आणि बंदरातल्या बाकीच्या नाखवांना एक विनंती. यापुढे कुणाला भाड्याने ओढायला बोलावलंत, किंवा कुणी तुम्हाला बोलावलं, तर दोर फेकण्याआधी वायरलेसवर दोन्ही तांडेलांनी चार गोष्टी मोठ्याने बोलून घ्याव्यात: दोर कुणाचा आणि किती लांब, वेग किती, मुखात कधी शिरायचं, आणि काही मोडलं तर कुणी भरायचं. नारळी पौर्णिमेच्या आधीच्या बैठकीत सोसायटीने हे ठराव करून लिहून घ्यावं. मी तो ठराव मांडणार आहे. नाखवा, त्याला अनुमोदन तुम्ही द्यावं.

आपला,
एक होडीमालक